पाण्याची पिन

राजकोटला आटिका या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागे एक गल्ली आहे. तिथे सकाळी गाठियांच्या कढईचा आणि लेथच्या तेलाचा वास एकमेकांत असा मिसळतो की कोणता कुठला हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही सांगता येत नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी रळियातबेन पिठवा यांचं दुकान. मागे घर, पुढे दुकान, मधे एक पडदा. दुकानावर पाटी आहे, पिवळ्यावर निळ्या अक्षरांत: 'मेलेला बोर्ड इथे उठतो. पुन्हा मेला तर पाटी उतरवू.'

अक्षरं नवऱ्याची. वशरामभाई तेव्हा गावभरच्या पाट्या रंगवायचे. पुढे पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या आणि त्यांच्या ब्रशाला सुट्टी लागली, ती कायमची. पाटीवरचा मजकूरही त्यांचाच. नाव आणि फोन नंबर पुरे, असं रळियातबेनचं म्हणणं होतं. वशरामभाई म्हणाले, नाव वाचून कोण येतं, शपथ वाचून लोक येतात. अशा रीतीने शपथ बायकोची झाली आणि ती घेतली नवऱ्याने. लग्नातही असंच झालं होतं, असं रळियातबेन सांगत.

त्या जातीच्या लुहार. वडील अडकित्ते घडवायचे, आणि मुलीने भात्याजवळ बसावं एवढीच त्यांची तिच्याकडून अपेक्षा होती. मुलगी भात्याजवळ बसून शेजाऱ्यांचे रेडिओ उघडत राहिली. लग्नानंतर रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके पातळ झाले आणि दुरुस्तीला येईनासे झाले. तोवर आजूबाजूच्या शेडांमधून नवी यंत्रं आली होती. संगणकाने सांगायचं आणि यंत्राने लाकूड, पितळ, लोखंड कोरायचं. त्या यंत्रांच्या पोटात हिरवा बोर्ड असतो आणि तो मरतो, हे कळलं तेव्हा रळियातबेनना देव आहे असं पहिल्यांदा वाटलं.

त्यांच्या हिशेबी बोर्डावर दोनच जातींच्या पिना: ऐकणाऱ्या आणि सांगणाऱ्या. यंत्र कडेला पोचलं की तिथलं बटण दाबलं जातं. ऐकणारी पिन ते ऐकते आणि यंत्र थांबतं. सांगणारी पिन मोटरला सांगते, फिर. भुसा ओढणाऱ्या पाइपाला सांगते, ओढ. ऐकणारी बिघडली की कुणी न बोलताच तिला ऐकू यायला लागतं. यंत्राला वाटतं आपण कडेला आलो, आणि ते जागचं हलत नाही. सांगणारी बिघडली की संगणकाच्या पडद्यावर लिहून येतं मोटर चालू आहे, आणि मोटर ढिम्म. माणसांच्याही याच दोन जाती आहेत आणि बिघाडही हेच आहेत, असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत आणि त्याची जात कोणती तेही सांगत.

आलेल्या बोर्डाची दुखरी पिन त्या आधी कधीच तपासत नसत. आजाऱ्याला काय विचारायचं, त्याला सगळंच दुखतं. शेजारच्या धडधाकटाला विचारावं. मीटरची एक काडी अर्थिंगला, दुसरी एका निरोगी पिनेला. मीटर जो आकडा दाखवील तो त्या घराण्याचा आकडा. मग पुढची, मग त्यापुढची. धडधाकट पिना तोच आकडा सांगत जातात. मेलेली एक तर शून्य सांगते, नाहीतर मूग गिळून बसते. मग बोर्डाला वीज द्यायची, ऐकणाऱ्या पिनेला तारेने हळूच टोचायचं आणि आतला तांबडा दिवा लागतो का ते पाहायचं. दिवाच लागत नसेल तर दुखणं दारात आहे; दिवा लागून पडद्यावर काहीच हलत नसेल तर दुखणं पार माजघरात गेलं.

हे सगळं करताना त्या बोर्डाशी बोलत. प्रेमाने नव्हे. "ऊठ रे मेल्या. किती लोळशील? गिळायला वीज हवी आणि कामाला पाय मोडतात." हा आवाज पडद्यातून घरात आणि दारातून गल्लीत जाई. गल्लीला त्याची सवय झाली होती. घराला झाली होती की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

गोरधनभाई वेकरिया त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पुढच्या चौकात त्यांची शेड आहे, तिथे दारं आणि देवघरं कोरली जातात. आजकाल घर बांधणाऱ्या प्रत्येकाला दारावर मोर हवा असतो, आणि गोरधनभाईंचं यंत्र दिवसभर मोर काढतं. त्या यंत्राचा बोर्ड रळियातबेननीच बसवून दिला होता. गोरधनभाई कायम गालात तंबाखूचा मावा धरून बोलत, त्यामुळे त्यांची स्तुती आणि शिवी सारखीच ऐकू येई.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी वशरामभाईंना कामाला ठेवलं. काम दुपारचं. दुपारी एक ते चार राजकोट झोपतं. दुकानं बंद, शेडा बंद, चोरसुद्धा घरी जातात. गोरधनभाई एक वाजता पंखे-दिव्यांची मेन लाइन पाडून जेवायला आणि झोपायला जात. लाकडाच्या भुशात ठिणगीचं भय. फक्त यंत्राच्या मेंदूची लाइन चालू ठेवावी लागे, कारण अर्ध्या दारावर ती बंद केली तर यंत्र आपली जागा विसरतं आणि मोराला दुसरी मान फुटते. म्हणून दुपारी तिथे एक माणूस हवा होता. गोरधनभाईंनी वशरामभाईंना एकच प्रश्न विचारला होता: दुपारी झोपता का? वशरामभाई हो म्हणाले. गोरधनभाई खूश झाले. जो नाही म्हणेल तो खोटं बोलणारा, असं त्यांचं मत होतं.

रळियातबेननाही आनंद झाला. नवऱ्याला काम मिळालं हा एक, आणि रात्री जेवताना बोलायला विषय मिळाला हा दुसरा. त्या रोटला मोडता मोडता दिवसभरातल्या पिनांचं वर्णन करत आणि वशरामभाई ऐकत. आता तर ते प्रश्नही विचारायला लागले होते. कोणतं बटण कशाचं, कुठल्या तारेत किती जोर. एकदा त्यांनी विचारलं, यंत्राच्या पडद्यावर 'पाणी' असं बटण आहे ते कशाला? रळियातबेननी सांगितलं की लोखंड कापताना पाणी सोडायला ते असतं. लाकडाला पाणी कुठे लागतं, ती पिन बिचारी नुसती पडून आहे. वशरामभाईंनी रोटल्याचा तुकडा ताकात बुडवला. मग म्हणाले, "पडून राहणं वाईटच."

पुढच्या चैत्रात गोरधनभाईंचं यंत्र पहिल्यांदा बसलं. पडद्यावर मोटर चालू, प्रत्यक्षात बंद, आणि न फिरणारं हत्यार सागाच्या फळीत घुसून मोराच्या गळ्यावरून ओढत गेलं. बोर्ड रळियातबेनच्या टेबलावर आला. सांगणाऱ्या पिनांच्या मागे एक काळी चिप असते, एका चाळीत आठ बिऱ्हाडं असावीत तशी. एकाच्या चुलीला आग लागली की सगळ्यांच्या भिंती काळ्या होतात. ती चिप करपली होती. त्यांनी नवी घातली आणि बोर्डाला सज्जड दम देऊन परत पाठवला.

वैशाखात बोर्ड परत आला. तीच चिप. रळियातबेनना घाम फुटला, पण त्यांनी तो उन्हाच्या नावावर घातला. बोर्डाला वीज पुरवणारा डबा स्वस्तातला आहे, त्यातून झटके येत असतील, असं सांगून त्यांनी तो बदलायला लावला. बोर्डाच्या खोबणीत स्क्रूखाली त्यांना लाल धाग्याचा एक तंतू दिसला होता. पूजेचा दोरा, नाडाछडी. दसऱ्याला राजकोटात माणूस सोडून सगळ्या यंत्रांना तो बांधतात. त्यांनी चिमट्याने तो काढला आणि फुंकून टाकला.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला बोर्ड तिसऱ्यांदा आला.

आता गोष्ट चिपेची राहिली नव्हती. चौकातल्या चहाच्या गाडीवर, जिथे लोक रकाबीत चहा ओतून दुसऱ्याच्या संसारावर फुंकर घालतात, तिथे पाटीचा विषय निघाला. नवे बोर्ड विकणारा मेहुल म्हणाला, बेनचा हात चांगलाच आहे, पण डोळ्यांचंही वय होतं. शिवाय तो बोर्ड जुना झालाय, किती पैसे जाळायचे त्याच्यावर. त्यात खोटं फारसं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते झोंबलं. चहावाल्या हकाभाईने रळियातबेनना सरळ विचारलं:

"बेन, पाटी कधी उतरवताय? शिडी आहे माझ्याकडे, संकोच करू नका."

"तुझी शिडी ठेव जपून," रळियातबेन म्हणाल्या. "तुझ्या चहात दूध शोधायला उतरायचं असेल एखाद्याला."

लोक हसले. पण रळियातबेनना ठाऊक होतं की हे हसणं चहावर होतं आणि नजरा पाटीवर होत्या. गोरधनभाईंनी तर स्पष्ट सांगून टाकलं होतं: परवा चार वाजता मेहुल नव्या बोर्डाचं माप घ्यायला येणार. तोवर हा चालला आणि चालत राहिला तर ठीक. नाहीतर राम राम.

त्या रात्री त्यांनी जेवताना वशरामभाईंना सांगितलं की बोर्ड पुन्हा मेला तर त्या पाटी उतरवणार. वशरामभाईंचा घास तोंडातच थांबला.

"अख्खी कशाला उतरवायची? दोन शब्द पुसू."

"कोणते दोन?"

वशरामभाईंनी विचार केला. "'पुन्हा मेला' एवढे."

"मग उरलं काय? मेलेला बोर्ड इथे उठतो, तर पाटी उतरवू. चांगलं झालं, आता उठवलेल्याचीही शिक्षा मला."

वशरामभाई हसले नाहीत. त्यांनी ताकाचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे लक्षात न येता प्यायले. पाटी त्यांची होती. 'ठ' काढताना त्यांनी दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढला होता. रळियातबेनना वाटलं, माणसाला अक्षरांचं दुःख होतंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्ड पुढे घेतला. या वेळी शिवी दिली नाही. मीटर लावून एकेक पिन विचारत गेल्या. सांगणारी चिप नेहमीप्रमाणे गेली होती, आणि त्यातही सगळ्यात खोल जळलं होतं ते पाण्याच्या पिनेचं बिऱ्हाड. जी पिन कुणी वापरत नाही तीच आधी मेली होती. शिवाय या वेळी एक ऐकणारी पिनही गेली होती. तारेने टोचलं तरी तिचा दिवा लागेना. यंत्राच्या डाव्या कडेचं बटण ऐकणारी ती पिन. त्यांनी बोर्ड उजेडात धरला. बाहेरच्या तारा जिथे स्क्रूने आवळतात त्या खोबणीत पाण्याची पिन आणि डाव्या कडेची पिन एकमेकींना खेटून होत्या. आत, चिपांच्या बाजूने, दोघींचा काही संबंध नव्हता. म्हणजे दुखणं आतून आलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी पाण्याच्या पिनेला तार लावली होती, आणि तिचा एखादा सुटा केस शेजारणीला टोचला होता.

स्क्रूच्या खाचेवर ओरखडे होते, पेचकसाऐवजी नाण्याने फिरवल्यासारखे. आणि खाली पुन्हा तो लाल तंतू. दसरा होऊन आठ महिने झाले होते, आणि हा बोर्ड मधे दोनदा त्यांच्याच हाताने स्वच्छ झाला होता.

त्या पाणी प्यायला आत गेल्या. चुलीवर कुकर होता. त्याचा तुटलेला दांडा वर्षानुवर्षं नाडाछडीने बांधलेला होता. खुंटीवर छत्री होती. तिची काडी नाडाछडीने बांधलेली. कोनाड्यात वशरामभाईंचा जुना चष्मा होता, कानापाशी लाल-पिवळा. चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. ती सुटते, दोऱ्यामागे देव असतो. रळियातबेननी पाण्याचा पेला तसाच ठेवला. मग भंगाराच्या खोक्यात हात घालून पाहिला. जुन्या यंत्रातून काढलेला चौकोनी पंखा त्यात असायचा. नव्हता.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. चिप बदलली, ऐकणाऱ्या पिनेचा तांबडा दिवा बदलला, आणि मापाच्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन बोर्ड बसवून दिला. यंत्राने गुणी मुलासारखा एक मोर काढला आणि दुसऱ्याला सुरुवात केली. एक वाजता गोरधनभाईंनी मेन लाइन पाडली आणि सगळे पांगले. वशरामभाई शटर अर्ध्यावर ओढून आत राहिले. रळियातबेन घरी आल्या, एकट्याच जेवल्या, आणि भर दुपारी बाहेर पडल्या.

राजकोटात त्या वेळी घराबाहेर पडणाऱ्याकडे कुत्रीसुद्धा संशयाने पाहतात. रस्ता पांढरा झाला होता. हकाभाई गाडीखाली झोपला होता आणि त्याची शिडीही भिंतीला टेकून झोपल्यासारखी दिसत होती. सगळ्या शहराने एकदम डोळे मिटले होते, आणि एवढ्या मोठ्या झोपेत रळियातबेनच्या चपलांचा आवाज त्यांना स्वतःलाच उद्धट वाटला.

त्या शटरखालून वाकून आत गेल्या.

वशरामभाई सागाच्या फळीवर झोपले होते. उशाला भुशाची पिशवी, पोटावर दोन्ही हात. पायाशी यंत्राच्या चौकटीला तो चौकोनी पंखा नाडाछडीने बांधला होता आणि झकास फिरत होता. त्याच्या दोन तारा, जागोजागी लाल-पिवळ्या दोऱ्याने गुंडाळलेल्या, यंत्राच्या पेटीत गेल्या होत्या. पडद्यावर 'पाणी' हे बटण हिरवंगार होतं. त्या अंधाऱ्या शेडेत विजेचा तो एकच स्रोत होता, आणि त्याच्यावर एक माणूस गारेगार झोपला होता.

रळियातबेननी हात वर केला. त्यांना 'ऊठ रे मेल्या' म्हणायचं होतं. पण वशरामभाईंच्या कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट वाऱ्याने हलत होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं, ना कुरकुर, ना आठी. घरी ते असे झोपलेले त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. घरी ते झोपत म्हणजे डोळे मिटून वाट पाहत, कशाची ते रळियातबेनना माहीत नव्हतं.

त्या बटण दाबायला गेल्या आणि थांबल्या. असला पंखा बंद होताना उलटा झटका मारतो, झोपमोड झालेल्या जावयासारखा. तोच झटका रोज चार वाजता पिनेला बसत होता. महिनाभर ती सोसायची, मग मरायची. भुशाने पंखा अडकला की आणखी आधी. आता बटण दाबलं तर चौथ्यांदा तेच व्हायचं. झटका परत पंख्यातच फिरवणारा एक छोटा डायोड लागतो, डाळीच्या दाण्याएवढा. तो त्यांच्या बटव्यात सुपारीशेजारी होता.

मग रळियातबेन झोपलेल्या नवऱ्याच्या पायाशी उकिडव्या बसल्या. चालत्या पंख्याच्या तारांवरची नाडाछडी त्यांनी नखाने हळूहळू सोडवली, डायोडचे पाय दोन्ही तारांना पिळले, त्याच्यावरची पांढरी पट्टी कुठल्या बाजूला आहे ते दोनदा पाहिलं. बायका झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढतात तितक्या बेताने. वशरामभाईंनी एकदा कूस बदलली. त्या श्वास धरून थांबल्या. आपण श्वास का धरला, याचा त्यांना स्वतःलाच राग आला.

मग त्यांनी बटण दाबलं. पंखा थांबला. थोड्या वेळाने वशरामभाईंच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी डोळे न उघडताच विचारलं:

"लाइट गेली?"

"नाही. मी आले."

वशरामभाई उठून बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि सगळ्या गोष्टींचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरत गेला. नाकारण्यासारखं काही नव्हतं. पुरावा दोऱ्याने बांधलेला होता.

"तीन वेळा," रळियातबेन म्हणाल्या. "तीन वेळा मारलात माझा बोर्ड. आणि मी रात्री तुम्हालाच सांगत बसते की कसा मेला असेल."

"तूच म्हणालीस ती पिन पडून आहे."

"अहो, मग काय तिचं लग्न लावायचं? घरी पंखा नाही? घरी झोपायला काय होतं? गोरधनभाईंना सांगितलं असतं तर एक ते चार दुसरा कुणी बसला असता."

वशरामभाईंनी भुशाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "घरी झोप लागत नाही."

"का?"

"तू पडद्यापलीकडून म्हणतेस, ऊठ रे मेल्या, किती लोळशील." ते थांबले. "मी उठतो."

शेडेत लाकडाचा वास होता आणि अर्धा मोर यंत्राखाली पडून होता. किती वर्षांच्या दुपारी, किती बोर्ड, आणि पडद्याच्या पलीकडे दर वेळी एक माणूस उठून बसत होता. त्यांना हसू येत होतं आणि ते नेमकं कुठून बाहेर काढावं ते कळत नव्हतं.

"म्हणून इथली नोकरी धरलीत?"

"नोकरी झोपेचीच आहे," वशरामभाई म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, "गोरधनभाईंना सांगू नकोस. काढतील. मग दुपारी मी जाऊ कुठे?"

"नाही सांगितलं तर तीनदा मेलेला बोर्ड आज चालला म्हणून कोण विश्वास ठेवतो? तो वाईटच ठरतो. पाटी उतरते."

दोघं फळीच्या दोन टोकांना बसून राहिली. बाहेर शहर हळूहळू जागं व्हायला लागलं. कुणाचं शटर वाजलं, कुणी चूळ भरून रस्त्यावर टाकली. रळियातबेन मनात वाक्य जुळवत होत्या आणि ते दर वेळी अर्ध्यावर तुटत होतं. नवऱ्याचं नाव घ्यावं तर उद्यापासून तो हकाभाईच्या गाडीवर बसून दुपार काढणार. न घ्यावं तर शिडी येणार, तीही हकाभाईचीच.

चार वाजता गोरधनभाई आले, गाल भरलेला, मागे मेहुल, त्याच्या हातात मापाची पट्टी. रळियातबेनना तिथे पाहून दोघे थबकले. गोरधनभाईंनी हनुवटीनेच विचारलं, काय झालं?

रळियातबेननी तोंड उघडलं. पण आवाज आला तो मागून.

"गोरधनभाई, बोर्डात काही खोट नव्हती," वशरामभाई म्हणाले. ते उभे राहिले होते आणि तो पंखा त्यांनी छातीशी धरला होता, तारांसकट. "मला उकडत होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. पाण्याचं बटण, भंगारातला पंखा, नाण्याने फिरवलेला स्क्रू, मोराच्या माना. मेहुलने पट्टी खिशात घातली. गोरधनभाईंनी बोलण्याचा प्रयत्न केला, पण मावा आड आला. ते शटरबाहेर जाऊन थुंकून आले, आणि एवढ्या वेळात त्यांचा अर्धा राग बाहेर राहिला असावा.

"वशरामभाई, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं? नवा बोर्ड आलाच असता की. मला कधी कळलंही नसतं."

"पाटी उतरली असती."

"बेनची पाटी."

"अक्षरं माझी आहेत," वशरामभाई म्हणाले. "गावात माझी एवढी एकच पाटी उरली आहे."

रळियातबेननी त्यांच्याकडे पाहिलं. 'बायकोसाठी' हा शब्द त्या माणसाने वापरला नव्हता आणि वापरणारही नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना तेवढ्यावर भागवता येत होतं.

गोरधनभाई बराच वेळ पंख्याकडे पाहत होते. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वारा बरा येतो?"

वशरामभाई म्हणाले, झोपून पाहा. रळियातबेननी तारा पुन्हा जोडल्या, डायोड जागेवर आहे ना ते पाहिलं आणि बटण हिरवं केलं. गोरधनभाई वेकरिया, तीन बिघडलेल्या मोरांचे धनी, सागाच्या फळीवर आडवे झाले आणि त्यांनी पोटावर हात ठेवले. मेहुलनेही बाजूने वाकून वाऱ्यात हात धरला आणि मान हलवली. मग फळीवरून आवाज आला की घरी दुपारी सूनबाईंची मालिका मोठ्या आवाजात चालते, आणि बेन, दोन पंख्यांचं काही जमेल का.

बेन म्हणाल्या, जमेल, पण बोर्डावरून नाही. विजेचा वेगळा डबा बसवीन, वेगळं बटण. माझ्या पिनांना हात लावाल तर दोघांनाही झोपेतच डायोड लावीन.

पुढचे कित्येक दिवस आटिकात दुसरा विषय नव्हता. हकाभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारी, चहा साधा हवा की पाण्याच्या पिनेचा. रळियातबेननी सगळं ऐकून घेतलं. हसणं आता पाटीकडे पाहत नव्हतं, एवढं त्यांना पुरलं. एका सकाळी त्या दुकान उघडायला आल्या तर वशरामभाई हकाभाईच्या शिडीवर चढले होते. हातात ब्रश होता. पाटीच्या तळाला, बारीक पण घोटीव अक्षरांत, एक ओळ वाढली होती: 'घरच्यांनी मारल्यास नियम लागू नाही.' रळियातबेननी ती वाचली आणि सांगितलं, 'ल्या' थोडा वाकडा झालाय. वशरामभाईंनी तो पुसून पुन्हा काढला.

बोर्डांशी त्या अजूनही बोलतात, आणि प्रेमाने अजूनही नाही. फक्त रविवारी गोरधनभाईंची शेड बंद असते आणि वशरामभाई दुपारी घरी असतात. त्या दिवशी जेवणं झाली की रळियातबेन मीटर बंद करतात, टेबलावर फडकं टाकतात आणि दाराशी येऊन बसतात. कुणी बोर्ड घेऊन आलंच तर ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवतात. एक ते चार, रविवारी, तिथे मेलेले बोर्ड मेलेलेच राहतात.